स्वयंपाकघरातली इंग्रजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा सहावीत आहे, मराठी माध्यमात. भाज्यांची आणि भांड्यांची इंग्रजी नावं त्याला घडाघडा येतात, पण एक वाक्य बोलता येत नाही. स्वयंपाकातून इंग्रजी शिकवता येतं म्हणतात, ते नेमकं कसं? – एक आई, सांगली

उत्तर : नावं थोडी बाजूला ठेवा आणि क्रियापदं धरा. वाक्य चालतं ते क्रियापदावर, आणि पाककृती म्हणजे ओळीने मांडलेली क्रियापदंच. एका वेळी एकच पदार्थ घ्या आणि दहा-बारा क्रियापदांवर थांबा. उकडीचे मोदक यासाठी उत्तम, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक कृती वेगळी आहे.

सारणाला दोन वाट्या खोवलेला नारळ आणि एक वाटी चिरलेला गूळ. इथे ‘ग्रेट द कोकोनट’, ‘चॉप द जॅगरी’, ‘स्टर इट ओव्हर लो हीट अनटिल इट थिकन्स’. उकडीला एक वाटी पाणी, एक वाटी तांदळाची पिठी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ : ‘ब्रिंग द वॉटर टू अ बॉइल’, ‘ॲड अ पिंच ऑफ सॉल्ट’, ‘ॲड द फ्लावर’, ‘कव्हर द पॅन’. पुढे ‘नीड द डो व्हाइल इट इज वॉर्म’, ‘फ्लॅटन इट’, ‘फिल इट’, ‘प्लीट द एजेस’, ‘पिंच देम टुगेदर’ आणि शेवटी ‘स्टीम फॉर ट्वेल्व्ह मिनिट्स’.

पहिल्या वेळी मुलाने काहीच बोलायचं नाही. तुम्ही वाक्य वाचा, त्याने तेवढी कृती करायची. आज्ञा ऐकून हालचाल करत भाषा शिकण्याची ही पद्धत जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडली, आणि स्वयंपाकघराला ती चपखल बसते. पुढच्या वेळी आज्ञा मुलाने द्यायच्या आणि तुम्ही पाळायच्या. तो नुसतं ‘ॲड’ म्हणाला तर हात थांबवा आणि विचारा, ‘ॲड व्हॉट?’ कर्म तोंडात बसवायला एवढं पुरतं.

मोदक खाताना तीच वाक्यं भूतकाळात घ्या. इथे उच्चाराकडे लक्ष हवं, शाळेत ते बहुधा निसटतं. ‘ग्रेटिड’ आणि ‘नीडिड’ यांच्या शेवटी ‘इड’ ऐकू येतं, ‘चॉप्ट’ आणि ‘पिंच्ट’मध्ये नुसता ‘ट’, तर ‘स्टर्ड’, ‘फिल्ड’, ‘स्टीम्ड’मध्ये नुसता ‘ड’. ‘चॉपेड’, ‘स्टीमेड’ ही सवय एकदा लागली की सुटायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून टोका.

पदार्थ बिघडला तर धडा थांबवू नका, उलट बोलायला खरं कारण तेव्हाच मिळतं. उकड कोरडी राहिली, कमी मळली किंवा गार झाली की पारी फाटते : ‘द डो इज क्रॅकिंग. इट इज टू ड्राय. वेट युअर हँड्स अँड नीड इट अगेन.’ सारण पुरेसं आटवलं नसेल तर पाक सुटून मोदक खालून ओला होतो : ‘द फिलिंग इज लीकिंग. वी डिडन्ट कुक इट लाँग इनफ.’ ‘टू’ आणि ‘इनफ’ यांचा फरक व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतो.

प्रश्न : ‘भाजणे’ला इंग्रजीत काय म्हणायचं? दर ठिकाणी वेगळा शब्द दिसतो. – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : एकच प्रतिशब्द शोधू नका, पदार्थासकट शब्द लक्षात ठेवा. रवा किंवा शेंगदाणे भाजणे म्हणजे ‘रोस्ट’, तेल नसेल तर ‘ड्राय रोस्ट’. भरताचं वांगं ‘रोस्ट ओव्हर अ फ्लेम’. पावाचे तुकडे ‘टोस्ट’. भट्टीतली नानकटाई ‘बेक’. तव्यावरच्या भाकरीला ‘कुक ऑन अ ग्रिडल’ म्हणा, तिथे ‘रोस्ट’ नको.

‘उकडणे’चंही तसंच. बटाटे पाण्यात बुडवून उकडले तर ‘बॉइल’, मोदक वाफेवर उकडले तर ‘स्टीम’. ‘बॉइल द मोदक्स’ ऐकून एखादा परदेशी पाहुणा मोदक पाण्यात सोडेल! तळण्याला ‘डीप फ्राय’ आणि कांदा परतण्याला ‘सॉटे’ म्हणा, दोन्हींना नुसतं ‘फ्राय’ म्हटलं की तेल किती घ्यायचं ते कळत नाही. वरण मंद आचेवर रटरटत ठेवलं तर ‘सिमर’. फोडणीला भारतीय पाककृतींत ‘टेम्परिंग’ लिहितात, पण भारताबाहेरच्या वाचकाला त्यावरून कृती समजेलच असं नाही. तिथे सरळ वाक्य द्या : ‘हीट द ऑइल, ॲड मस्टर्ड सीड्स अँड लेट देम पॉप.’

गॅसच्या बाबतीत चूक जवळजवळ सगळ्यांची होते. गॅस ‘क्लोज’ करत नाहीत, ‘टर्न ऑफ’ करतात, आणि आच कमी करायची तर ‘टर्न डाउन द हीट’.

प्रश्न : लेक अमेरिकेत आहे, तिथल्या पाककृती पाठवते. शब्द ओळखीचे वाटतात, तरी पदार्थ फसतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. अमेरिकन ‘कप’ सुमारे २४० मिलीचा, आपली आमटीची वाटी बहुधा त्याहून लहान. मोजपात्राने पाणी ओतून आपल्या वाटीचं माप एकदा बघून ठेवा. ‘टीबीएसपी’ म्हणजे टेबलस्पून, १५ मिली, आणि ‘टीएसपी’ म्हणजे टीस्पून, ५ मिली. सोड्याच्या बाबतीत ही अदलाबदल झाली तर सोडा तिप्पट पडतो आणि केक कडवट, साबणासारखा लागतो.

दोन शब्द जपून वाचा. आपण ज्याला ‘कॉर्नफ्लावर’ म्हणतो त्या पांढऱ्या पिठाला अमेरिकेत ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात, तिथलं ‘कॉर्न फ्लावर’ म्हणजे मक्याचं पीठ, त्याने सूप तसं दाटणार नाही. आणि ‘ब्रॉइल’ला ‘बॉइल’ समजू नका. ब्रॉइल म्हणजे वरच्या बाजूने कडक आच देणं, ब्रिटनमध्ये त्यालाच ‘ग्रिल’ म्हणतात.

‘सिलँट्रो’ ही कोथिंबीर, ‘एगप्लांट’ हे वांगं, ‘ओक्रा’ ही भेंडी. लेकीशी फोनवर बोलताना ‘अव्हन’, ‘अनियन’, ‘सिव्ह’ असे उच्चार करा. ‘ओव्हन’, ‘ओनियन’, ‘सीव्ह’ हे आपण स्पेलिंगवरून वाचतो.