प्रवेश मुलाला नाही, घराला

काल रात्री तुझा मेसेज वाचला. लगेच फोन लावत होतो पण ही म्हणाली, तिला सकाळी ऑफिस असेल आणि तुम्ही फोनवर आवाज चढवता, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहितोय. लांबणार आहे, लोकलमध्ये बसायला मिळालं तरच उघड.

तू चार गोष्टी विचारल्यास. कोचिंग क्लासवाले बॅनरच्या बदल्यात तुझ्या सोसायटीतल्या मुलांच्या उन्हाळी नाट्यशिबिराचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत, घेऊ का? पालक म्हणतायत हवी तर जास्त फी घ्या पण आम्हाला कामं सांगू नका, मग काय करू? कपडे भाड्याने आणू का? शेवटच्या दिवशी बेस्ट ॲक्टरची ट्रॉफी ठेवू का? अगं हे चार प्रश्न नाहीतच, एकच आहे, आणि त्याचं उत्तर तू लहानपणी आमच्या शिबिरात गच्चीवर इतक्या वेळा ऐकलंयस की तू विचारलंस याचाच मला राग आला. प्रवेश मुलाला द्यायचा नाही. घराला द्यायचा.

नाटकाने मुलं धीट होतात वगैरे मी तुला सांगत बसणार नाही. पहिल्या वर्षी शिपाई होतीस आणि पडदा उघडल्या उघडल्या भाला टाकून विंगेत पळालीस, आता ऑफिसात वीस जणांसमोर प्रेझेंटेशन देतेस, ते तुझं तुला ठाऊक. पण तू पळून आलीस तेव्हा विंगेत कोण होतं ते आठव. तुझी आई होती. सेफ्टी पिनांची माळ गळ्यात अडकवून उभी होती कारण ग्रीनरूमची ड्यूटी तिच्याकडे होती. तिने तुला जवळबिवळ घेतलं नाही, भाला हातात दिला आणि परत ढकललं. ती प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत मोबाइल धरून बसली असती तर? तू घरी जाऊन रडली असतीस आणि पुढच्या वर्षी तुला स्केटिंगला घातलं असतं, एवढंच.

आता पैसे देऊन सुटू बघणाऱ्या पालकांबद्दल. त्यांच्यावर चिडू नकोस, दोघंही आठ-पंचवीसची लोकल पकडणारी माणसं, त्यांना सुट्टीत मुलाला कुठेतरी अडकवायचंच असतं, सकाळी स्विमिंग, दुपारी अबॅकस, संध्याकाळी तुझं नाटक. पण तू जर त्या यादीतली एक ओळ झालीस तर संपलीस. आमच्याकडे एक शेअर बाजारवाले गृहस्थ होते, गाडी चालू ठेवून मुलाला गेटवर उतरवायचे आणि पहिल्याच दिवशी हिला विचारलं, मॅडम, लीड रोल कधी ठरणार? ही काही बोलली नाही. मी म्हटलं साहेब, दुसऱ्या प्रवेशात विहीर लागते, पुठ्ठा आणि खळ खाली जिन्यात आहे, परवापर्यंत हवीये. तोंड एवढंसं झालं त्यांचं. पण केली. वाकडी केली, रंग वाळायच्या आत उचलली म्हणून दगडांचे रेघोटे ओघळले, आणि प्रयोगाच्या दिवशी हा माणूस विंगेत उभा राहून विहिरीला कोणी धक्का लावत नाही ना तेच बघत होता. त्यांच्या मुलाला दोन वाक्यं होती. लीडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि पुढच्या वर्षी स्वतःची जिगसॉ करवत घेऊन आले.

म्हणजे बघ, काम सांगितलं की तक्रार बंद होते असं नाही, तक्रार करायला माणूस बाहेर उरतच नाही. मुद्दा हा आहे. कपडे भाड्याने आणलेस की चार आज्या घरी बसल्या. मुकुट रेडिमेड आणलेस की पुठ्ठा कापणारे बाबा घरी बसले. खाऊचं कंत्राट दिलंस की पन्हं करणारी मावशी गेली. शेवटी तुझ्याकडे उरतात चाळीस मुलं आणि पैसे मोजलेले ऐंशी गिऱ्हाईकं, आणि गिऱ्हाईक मग गिऱ्हाईकासारखंच वागणार, माझ्या मुलीला मागच्या रांगेत का उभं केलं म्हणून ग्रुपवर टाकणार. त्यांची चूक नाही, तू त्यांना तसं केलंस.

आणि हे काही माझ्या एकट्याचं खूळ नाही. मराठी बालनाट्य उभंच राहिलंय घरांवर. सुधाताई करमरकरांचे वडील तात्या आमोणकर मुंबई मराठी साहित्य संघातले, नाटक घरातच होतं, त्याच साहित्य संघाच्या आधाराने १९५९ मध्ये सुधाताईंनी मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर सुरू केलं. पहिलं नाटक 'मधुमंजिरी', लिहिणारा रत्नाकर मतकरी नावाचा विशीतला पोरगा, तुझ्याहून लहान. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली ती पत्नी प्रतिभाताईंच्या साथीने, आणि बँक ऑफ इंडियातली नोकरी १९७८ पर्यंत होतीच. मीही बँकेतलाच, मला माहितीये दिवसभर लेजर बघून संध्याकाळी राक्षसाचा आवाज काढायला काय लागतं. घरात दुसरं माणूस त्याच वेडाचं असल्याशिवाय ते निभत नाही. सुलभाताई आणि अरविंद देशपांडे घे, १९७१ ची 'आविष्कार' नाट्यसंस्था, मग तिचाच मुलांसाठीचा विभाग चंद्रशाळा, त्यांचं 'दुर्गा झाली गौरी' हे नाटक. नवरा-बायको दोघंही त्यात. तू म्हणशील काका ती मोठी माणसं. असतील, पण 'अलबत्त्या गलबत्त्या' २०१८ मध्ये नव्याने आलं तेव्हा लहानपणी दिलीप प्रभावळकरांची चेटकीण बघितलेले बाप पोरांना घेऊन रांगेत उभे होते, ते आपल्यासारखेच होते की. नाटक घरातून घरात जातं. क्लासच्या बॅनरवरून जात नाही.

बॅनरचं सांगतो. आमच्याकडेही एकदा असाच माणूस आला होता, नाव घेत नाही. सगळा खर्च आमचा, फक्त नाटकाच्या आधी दहा मिनिटं बोलू द्या. कमिटीतल्या बहुतेकांना हवं होतं. मी नाही म्हटलं, जोरात म्हटलं, त्यावरून दोन गट पडले आणि त्या वर्षी निम्मी मुलं दुसरीकडे गेली. हिने मला बरंच सुनावलं. अजून सुनावते. पण मला विचारशील तर मी बरोबरच होतो, कारण त्या वर्षी पैसे नव्हते म्हणून पडद्याला घराघरातून जुन्या चादरी आणि साड्या गोळा केल्या, बायकांनी दोन दुपारी बसून त्या जोडल्या, आणि तो गोधडीसारखा पडदा पुढची कितीतरी वर्षं आम्ही वापरला. पोरं आल्याआल्या आपल्या घरची चादर कुठली ते शोधायची. ज्यांनी गट पाडला ते दोन वर्षांनी परत आले. मी काही बोललो नाही. (म्हणजे थोडं बोललो.)

एक गोष्ट मात्र तू बरोबर पकडलीस आणि तिथे मला थांबून विचार करावा लागला. तू लिहिलंस, काका, ज्या मुलांच्या घरून कोणी येऊच शकत नाही त्यांचं काय? वॉचमनची मुलगी, धुणंभांडी करणाऱ्या ताईंची दोन मुलं, नर्स असलेली ती आई जिची नाइट असते. घराला प्रवेश म्हटलं की हीच मुलं आधी गळणार. अगदी खरं आहे. पण म्हणून नियम सोडायचा नाही, नियम ताणायचा. घर म्हणजे आई-बाबाच असं कोण म्हणालं? आजोबा चालतील, कॉलेजातला दादा चालेल, शेजारच्या काकू चालतील. आणि कोणीच नसेल तर दुसऱ्या घराने त्या मुलाला जोडून घ्यायचं, आम्ही त्याला जोडघर म्हणायचो. वाक्यं पाठ करून घेणं, तालमीला आणणं, सोडणं, डबा, सगळं त्या घराचं. ठाण्यात मतकरींनी उतारवयात वंचितांचा रंगमंच उभा केला, वस्तीतली मुलं स्वतःच नाटकं रचून करायला लागली. ती मुलं कमी पडत नाहीत गं, आपण त्यांना फक्त गर्दीतला गावकरी करून ठेवतो. त्या नर्सबाईंना फोन कर आणि सांग, तुम्ही येऊ नका, पण मेकअपच्या पेटीत कापूस, डेटॉल, पट्ट्या काय काय हवं त्याची यादी तुम्ही करून द्या. झालं, ते घर आत आलं. वॉचमनदादांना सांग रात्री सेट तुमच्या नजरेखाली ठेवतो. तेही घर आत.

ट्रॉफी नाही. याच्यावर मी एकच ओळ लिहिणार होतो पण पुन्हा विचारशील म्हणून सांगतो, बेस्ट ॲक्टर ठेवलास की उरलेली एकोणचाळीस घरं त्या संध्याकाळी हरून घरी जातात. राज्य बालनाट्य स्पर्धा आहे ना त्यासाठी, ज्यांना स्पर्धा हवी त्यांनी तिकडे जावं, चांगलीच आहे ती. सोसायटीतलं उन्हाळी नाटक म्हणजे स्पर्धा नव्हे. प्रत्येक मुलाला नाव आणि निदान एक वाक्य. 'शिपाई दोन' असं संहितेत लिहायचं नाही, शिपायालाही नाव द्यायचं, त्याच्या आजीला ते घरी हाक मारायला मिळतं.

बाकी कामाचं भराभर सांगतो. फॉर्ममध्ये पहिला रकाना गावी कधी जाणार याचा ठेव, लोकांनी कोकणातली तिकिटं दोन महिने आधी काढलेली असतात आणि तुझा राक्षस रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी सावंतवाडीला निघून जातो. दुसरा रकाना घरातल्या माणसांचा, कोणाला शिवण येतं, कोणाकडे ड्रिल मशीन आहे, कोण हार्मोनियम वाजवतं. 'तुम्हाला मदत करायला आवडेल का' असं अजिबात विचारू नकोस, आवडेल म्हणतात आणि येत नाहीत. यांना विहीर, यांना मुकुट, यांना मंगळवारचा खाऊ, असं सांगून मोकळी हो. नाटक पाऊण तासाच्या वर नको. तिसऱ्या घंटेच्या आधी सगळ्या बारक्यांना बाथरूमला नेऊन आण, त्यासाठी एक बाबा नेम, आयांना ते दिवसभर करावंच लागतं. लाइट कमी-जास्त करायच्या डिमरला मात्र पालकांना हात लावू देऊ नकोस, तिथे वायरमन हवा, त्यावर पैसे वाचवायचे नाहीत. बाप लोक फारच लाजत असतील तर ग्रिप्स नावाच्या बालनाट्य चळवळीचं सांग, मोहन आगाशेंनी बर्लिनहून पुण्यात आणलेली, १९८६ पासून पुण्यात मोठी माणसं स्टेजवर लहान मुलांची कामं करतायत, कोणाचंही काही बिघडलेलं नाही. एका तरी बापाला चड्डी घालून स्टेजवर चढव.

तुझी ताई, म्हणजे आमची कन्या, अजून बोलून दाखवते की बाबांनी माझं एकही नाटक समोरून बघितलं नाही. खरंय, मी कायम लाइटवर. तिच्या सगळ्या भूमिका मला बाजूने माहितीयेत, अर्धा चेहरा आणि वेणी. तिला वाटतं मी काहीतरी हुकवलं. मला नाही तसं वाटत, कितीही वेळा म्हणो. समोरून सगळेच बघतात. तिच्या तोंडावर प्रकाश कधी टाकायचा हे मला माहीत होतं कारण ती वाक्याच्या आधी श्वास घेताना खांदा उचलायची, ते तिसऱ्या रांगेतून दिसलं असतं का? आता ती अमेरिकेत आहे, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिच्या मुलाचं नाटुकलं असतं, आणि जावई समोर बसून शूटिंग करून आम्हाला पाठवतात. मी तिला कळवलंय की त्यांना काहीतरी काम दे. तिला राग आला. असो.

माझ्या वडिलांचं मात्र राहिलं. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, नाटक म्हणजे थेरं असं त्यांचं मत, आणि मी आयुष्यभर त्यांना पास देत राहिलो, पहिल्या रांगेचे, या ना अण्णा, या ना. ते आले नाहीत. खाटेखाली त्यांची हत्यारांची पेटी होती, पान्हे तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. अण्णा, स्टेजवरची लाकडी लेव्हल डुगडुगतेय, जरा बघता का, एवढं म्हटलं असतं तर तो माणूस पास न मागता आला असता. मला तेव्हा सुचलं नाही आणि आता उपयोग नाही. म्हणून तुझ्या मागे लागलोय.

तुझे बाबा म्हणतात ना, असल्या फुकटच्या उद्योगातून काय मिळणार, त्यापेक्षा सर्टिफिकेशन कर. त्यांना पटवत बसू नकोस, पटणार नाही, पटवून घ्यायचं त्यांचं वय नाही. ते अकाउंट्सला होते. रविवारी त्यांच्यासमोर नुसती वही ठेव, जमा-खर्च मुद्दाम चुकीचा लिहिलेला, आणि म्हण बाबा हे जुळत नाहीये. क्लासवाल्यांना त्याआधी नाही कळव, नम्रपणे, माझ्यासारखं नको. हॉलचं डिपॉझिट कोणी भरायचं ते हिला विचार, मला विचारू नकोस, मला त्या कमिटीत बोलायची बंदी आहे.