शाळेतल्या तपासणीत मुलीच्या छातीत ‘आवाज’ निघाला, जिल्ह्याला इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर ईएफ ६२ टक्के. हृदय कमजोर आहे का?

नाही ताई, ६२ टक्के नॉर्मलच आहे. हे शंभरपैकी गुण नव्हेत. हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतो, तेवढंच हा आकडा सांगतो. निरोगी मुलांत तो साधारण ५५ ते ७० असतो, पूर्ण रिकामा कप्पा कोणाचाच होत नाही. मी वर्ध्याकडे लेकरांचे इको करते, गार जेल लागलं की रडणारी पोरं रोजचीच. कप्प्यांची मापं उंची-वजनावरून झेड-स्कोअर (तेवढ्याच अंगाच्या मुलांच्या सरासरीपासून माप किती दूर आहे, तो आकडा) काढून बघतात, उणे २ ते अधिक २ मधे असली की ठीक. मात्र ईएफ चांगला म्हणजे हृदयात छिद्र नाही, असं नसतं; रिपोर्टातल्या कप्प्यांमधला पडदा आणि झडपांच्या ओळी डॉक्टरांकडून समजून घ्याच.