अर्धीच लक्षात राहिलेली कहाणी

"उपवास सोडला म्हणून घरावर संकट आले असेल का?" हा प्रश्न श्रावणाच्या आसपास माझ्याकडे हमखास येतो, विचारणारी व्यक्ती बहुधा शिकलेली असते आणि विचारताना ओशाळलेली असते. अशाच एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

बाईंचे वय 43, नोकरी शाळेत शिक्षिकेची. श्रावणी सोमवारचा कडक उपवास त्यांनी सासूबाईंकडून घेतला होता. दिवसभर काही न खाता संध्याकाळी महादेवाची पूजा करायची, कहाणी वाचायची आणि मग उपवास सोडायचा. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झाल्यावरही हा नेम चालू राहिला आणि एका सोमवारी सकाळचे इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी शाळेत गेलेल्या बाई वर्गातच चक्कर येऊन पडल्या. रक्तातील साखर 70 च्या खाली उतरली की धोक्याची मानतात. त्यांची 48 होती. डॉक्टरांनी उपवास बंद करायला सांगितला, त्यांनी तो बंद केला आणि तीन आठवड्यांनी मुलगा दुचाकीवरून पडून त्याचे मनगट मोडले. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. यजमान "हे सगळे थोतांड आहे" असे म्हणत, त्यामुळे घरात त्या याविषयी बोलेनाशा झाल्या होत्या.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. उपवास नेमाने चालू असलेल्या वर्षांत घरात काय काय वाईट घडले, असे मी विचारले. त्यांनी सासऱ्यांचे आजारपण, यजमानांची गेलेली नोकरी असे एकेक सांगितले आणि मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे ताई, मी वीस वर्षे केले ते सगळे वाया गेले, असेच ना?" भीती काढायच्या नादात मी त्यांच्या श्रद्धेलाच हात घातला होता, आणि यजमानांनी याहून वेगळे काही केले नव्हते.

पुढच्या भेटीत मी तर्क बाजूला ठेवला आणि मनात नेमके कोणते वाक्य घुमते, एवढेच विचारले. उत्तर तत्काळ आले: "उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." मी त्यांना सोमवारची खुलभर दुधाची कहाणी पहिल्यापासून सांगायला लावली. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजाने दवंडी पिटवली. लोकांनी भीतीने वासरांना पाजले नाही, मुलांना दिले नाही, सगळे दूध देवळात ओतले, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने मात्र आधी मुलाबाळांना खाऊ घातले, गाईवासरांना तृप्त केले, मग खुलभर दूध नेऊन वाहिले आणि गाभारा भरला. बाई येथे थांबल्या. "तुमच्या घरात सध्या उपाशी ठेवलेला जीव कोणाचा आहे?" असे मी विचारले, तेव्हा त्या पक्क्या शिक्षिकेसारख्या म्हणाल्या, "पण म्हातारी स्वतः जेवली होती का, ते कहाणीत नाही." आक्षेप रास्त होता. मी हसले, त्याही हसल्या. दोन भेटींतले ते पहिले हसू.

मग बोलणे सत्यनारायणाच्या पोथीतल्या कलावतीवर आले. ती प्रसाद टाकून धावली आणि पतीची नाव बुडाली, एवढे त्यांना पाठ होते. ती परत जाऊन प्रसाद घेते आणि पती सुखरूप मिळतो, हेही त्या दरवर्षी ऐकत, पण ते त्यांच्या मनात टिकत नव्हते. माझ्या अनुभवात धास्तावलेले मन कथेतला कोप जपून ठेवते आणि कोपानंतरची सुटका गाळून टाकते. वस्तुतः या कथांत चुकलेल्याला बहुधा परतीची वाट ठेवलेली असते. दूध हिसकावणाऱ्या राजाचाही गाभारा पुढे म्हातारीच्या सांगण्याप्रमाणे वागल्यावर भरतोच. शिवाय धर्मशास्त्रातच पाणी, कंदमुळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही असे वचन आहे, अशक्त माणसासाठी पती किंवा पुत्राने प्रतिनिधी म्हणून व्रत करण्याची सोयही आहे. हे मी सांगितले, पण त्यावर भर दिला नाही, कारण शास्त्राधाराने भागणार असते तर त्या केव्हाच एखाद्या गुरुजींकडे गेल्या असत्या.

खरी गाठ चौथ्या भेटीत सापडली. शेवटच्या आजारात सासूबाईंनी त्यांचा हात धरून "सोमवार चालू ठेव" असे म्हटले होते. उपवास सुटला तेव्हा आईंना दिलेला शब्द मोडला, आणि आई गेल्याचे दुःख करायला तर घरच्या धावपळीत कधी सवडच मिळाली नव्हती. त्या दिवशी त्या बराच वेळ रडल्या. सासूबाई असत्या तर वर्गात पडलेल्या सुनेला काय म्हणाल्या असत्या, असे मी विचारले. "आधी चार घास खा म्हणाल्या असत्या. आणि मग रागावल्या असत्या."

यजमानांना मी एकदाच बोलावले आणि "थोतांड" हा शब्द घरात वापरू नये, एवढीच विनंती केली. त्यांनी ती निमूटपणे मानली.

पुढच्या श्रावणात बाईंनी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी न्याहारी घेतली आणि संध्याकाळी कहाणी वाचली. दूध वाहायला मुलगा देवळात गेला. तो घरी येईपर्यंत त्यांनी दोनदा फोन केला, हे त्यांनीच मला सांगितले. आदल्या वर्षी त्या दारात उभ्या राहत. या वेळी घरात बसून होत्या.