वर्गाच्या कोपऱ्यातलं ग्रंथालय: तीन कपाटं, १,८०० पुस्तकं, कुलूप धड नाही. काय करावं?

घणसोलीतली दोन सत्रांची शाळा, ग्रंथालय वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, आणि दुपारच्या सत्रानंतर पुस्तकं कमी भरतात, असं तुम्ही लिहिलंय.

आधी हिशोब. ३६ इंची फळीवर दीड सेंटिमीटर जाडीची ६० पुस्तकं मावतात. चौथा भाग मोकळा ठेवलात तरच मुलांना पुस्तक काढता-घालता येतं, म्हणजे ४५. पाच कप्प्यांच्या कपाटात सव्वादोनशे, तिन्हींत पावणेसातशे. उरलेली अकराशे कोंबलेली आहेत, म्हणून गेलेलं पुस्तक तुम्हाला कळतही नाही.

त्यातली ४०० वर्गांत पाठवा. दहा तुकड्या, प्रत्येकी ४० पुस्तकांची झाकणाची पेटी. वजन आठ-नऊ किलो, दोन मुलं सहज उचलतात. झाकणाच्या आत दाखल नंबरांची (नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला दिलेल्या क्रमांकांची) यादी चिकटवा, दर महिन्याला पेट्या फिरवा आणि फिरवताना मोजा. पिन मारलेली पातळ पुस्तकं पेटीतच बरी. फळीवर ती आडवी होतात आणि कणा नसल्यानं नावही दिसत नाही.

बाकीच्यांत बाद अभ्यासक्रमाची पुस्तकं आणि जुनी गाइडं भरपूर निघतील. त्यांचं निर्लेखन करा, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करा, पण परस्पर रद्दीत घालू नका. दाखल नंबरासह यादी, शाळा समितीचा ठराव, मग दाखल नोंदवहीत लाल शाईनं ठराव क्रमांक आणि तारीख. हे राहिलं की पुढच्या पडताळणीत तीच पुस्तकं 'गहाळ' म्हणून तुमच्या माथी बसतात.

आता सुरक्षा. कॅमेऱ्याचा खर्च इतक्यात नको. कपाटांना कडी-कोयंडा आणि वेगळं कुलूप लावा. दुसरी किल्ली पाकिटात सील करून मुख्याध्यापकांकडे. देवघेवीचं टेबल दाराशी, दप्तरं बाहेर. खिडकीच्या गजांतून पुस्तक सहज सरकतं, तिथे बारीक जाळी हवी. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर असतोच, आणखी एक ठरावीक पानावर, समजा १७व्या, मारा. पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखता येतं. आणि शिक्षकांचीही नोंद सहीनिशी घ्या. 'उद्या देतो' म्हणून नेलेलं पुस्तक चोरीला जात नाही, पण परतही येत नाही.

हरवलेल्या पुस्तकांच्या भरपाईच्या धास्तीनं मात्र सगळं कुलूपबंद करू नका. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसेल तर, वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ हरवणं वाजवी धरलंय. १,००० रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी करावीच लागते. तुमच्या शाळेला हा नियम थेट लागू नाही, पण संस्थेच्या बैठकीत तो पुढे ठेवता येईल.

जून यायच्या आत कपाटं भिंतीपासून चार इंच पुढे आणि विटांवर उचलून घ्या. आपल्याकडच्या पावसात ओल भिंतीतून पाठीच्या पत्र्यावर येते आणि मागच्या रांगेला आधी बुरशी धरते. पुढून बघणाऱ्याला ती गणपतीपर्यंत दिसत नाही.