जेलचा ब्रश धुवायचा नसतो

प्रिय मुली,

नखांना जेल लावायच्या तुझ्या ब्रशचा फोटो मोठा करून पाहिला. केस खराट्यासारखे फिस्कारलेत आणि मुळाशी काचेसारखं काहीतरी चमकतंय. रोज रात्री अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतेस, तरी असं का, असं विचारलंयस. निम्मं त्या बुडवण्यामुळेच झालंय. उरलेलं निम्मं उजेडामुळे.

आपल्या सगळ्यांच्या हाताला साध्या नेलपॉलिशची सवय असते. पॉलिश हवेत सुकतं, त्यातलं पातळ द्रव्य उडून जातं, म्हणून ब्रश लगेच धुवावा लागतो. जेलला हवेशी काही देणंघेणं नाही. त्यात फोटोइनिशिएटर नावाची रसायनं असतात, त्यांच्यावर ठरावीक प्रकाश पडला की जेल घट्ट व्हायला लागतं. आपले बहुतेक एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात तो याचसाठी. तेव्हा ब्रशवर थोडं जेल राहिलं तर बिघडत नाही. त्याच्यावर उजेड पडला तर बिघडतं. अंधारात तेच जेल दुसऱ्या दिवशीही मऊ असतं.

म्हणून आधी तुझं टेबल बघ. क्लायंट लॅम्पमध्ये हात घालते, काढते, त्या तोंडातून प्रकाश बाहेर सांडतो. ब्रश त्या तोंडासमोर पडलेला असेल तर एकेका कोटबरोबर त्यावरचं जेलही थोडंथोडं क्युअर, म्हणजे उजेडाने घट्ट, होत असतं. खिडकीजवळ बसत असशील तर तेही बदल. दिवसाच्या उजेडात अतिनील किरण असतातच, ढगाळ दिवशीसुद्धा. काही जेल तर टेबललॅम्पखालीही घट्ट व्हायला लागतात. लॅम्प एका हाताला, ब्रश दुसऱ्या हाताला, त्यांची टोकं लॅम्पकडे पाठ करून. हात रिकामा झाला की लगेच टोपण, मग क्लायंट कितीही गप्पिष्ट असो.

आता पुसण्याचं. लिंट-फ्री, म्हणजे धागे न सुटणारा, वाइप घे. कापूस नको, टिश्यू नको. त्यांचे धागे केसांत अडकतात आणि पुढच्या नखावर टॉप कोटखाली दिसतात. वाइपची घडी करून तिच्यात ब्रश चपटा धर आणि मुळापासून टोकाकडे ओढ. उलट दिशेने कधीच नाही, गोल घासायचं नाही, पिळायचं नाही. रंगाचं जेल असेल तर एवढ्यावर निघत नाही. मग वाइपवर पारदर्शक जेलचा थेंब घे, ब्रश त्यात लोळव, पुन्हा पूस. रंग येईनासा होईपर्यंत दोन-तीनदा हेच. जेल जेलनेच निघतं, आणि केसांवर त्याचा पातळ थर राहिला की ते मऊ राहतात. शेवटी त्या पारदर्शक जेलमध्येच टोकाला आकार दे. लायनर, म्हणजे बारीक रेघांचा ब्रश, असेल तर टोक सुईसारखं कर, चपटा असेल तर कडा सरळ कर. हे बोटांनी करू नकोस, वाइपच्या घडीतच कर.

बोटांचं मुद्दाम सांगतेय. न क्युअर झालेलं जेल कातडीला वारंवार लागलं की त्यातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते. मग हे काम करणं फार कठीण होऊन बसतं. नायट्रिलचे हातमोजे घाल, ब्रशचा दांडाही पूस. वापरलेले वाइप लॅम्पखाली कडक करून मगच कचऱ्यात टाक.

अ‍ॅसिटोनवर माझा राग जुना आहे. ते नैसर्गिक केसांतलं तेल काढून टाकतं, केस धरून ठेवणारा फेरूलमधला, म्हणजे मुळाशी असलेल्या धातूच्या नळीतला, गोंद सैल करू शकतं, आणि दांडा अ‍ॅक्रिलिकचा असेल तर तो धुरकट होऊन तडकतो. पण खरी गोची वेगळीच आहे. बुडवून ठेवलं की जेल पातळ होऊन केसांमधून वर, फेरूलच्या आत चढतं. तिथे वाइप पोचत नाही. पुढे उजेडाने ते तिथेच घट्ट झालं की केस मुळातून फाकतात, आणि मग टोकाला कितीही आकार दे, तो टिकत नाही. तुझ्या फोटोत चमकणारं तेच असावं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल त्या मानाने सौम्य. गडद रंगानंतर वाइप त्याने जरासा ओला करून पुसायला हरकत नाही, पण भिजत घालायचं नाही, आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय ब्रश जेलमध्ये घालायचा नाही.

साबण, कंडिशनर, क्युटिकल ऑइल यांचे सल्ले तुला भरपूर मिळतील. जेलच्या ब्रशला यातलं काहीही लावू नकोस. तेलाचा अंश नखावर गेला की जेल धरत नाही, मग आठवड्यात लिफ्टिंग, म्हणजे जेल नखावरून सुटणं, आणि आपण मात्र नखावर आधी लावलेल्या प्रायमरला दोष देत बसतो.

ठेवायचं सोपं आहे. टोपण लावून, आडवा, बंद ड्रॉवरमध्ये. टोपण घालताना केस कडेला दुमडत नाहीत ना ते बघ. एक केस जरी बाहेर राहिला तरी तो वाकडाच होतो. टोपण हरवलं असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर गुंडाळ. ई-फाइल, म्हणजे नखं घासायचं मशीन, चालू असताना एकही ब्रश उघडा नको, धूळ जेलला चिकटून केसांत बसते. पांढऱ्याचा, गडद रंगांचा आणि ग्लिटरचा ब्रश वेगळा ठेव. ग्लिटर पूर्ण कधीच निघत नाही, त्यावर वेळ घालवू नकोस. अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे मोनोमर या द्रवात बुडणारा ब्रश तर या ड्रॉवरमध्येसुद्धा नको.

फोटोतला ब्रश वाचणार नाही. टोकालाच कडक झालं असतं आणि जेल सोक-ऑफ, म्हणजे अ‍ॅसिटोनने सुटणारं, असतं, तर टोकापुरतं अ‍ॅसिटोन लावून बघ म्हटलं असतं. आता तो नखावरची धूळ झाडायला वापर. एखाद्या ब्रशचा एकच केस बाहेर आला असेल तर ओढू नकोस, शेजारचे सैल होतात. निपरने मुळाशी काप.

नवा घेशील तेव्हा केस खळीने कडक केलेले असतील. घाईने मोडू नकोस. बोटांत हलकेच दाबत खळ सुटी कर, भुकटी झटक, आणि पहिल्यांदा रंगात न बुडवता पारदर्शक जेलमध्ये भिजव. आठवड्याने त्याचा फोटो पाठव.

तुझी,
ताई