कोर्स सुटला, पैसे सोडू नकोस

बाय,
अनेक आशीर्वाद.

बाबा बांबोळीच्या हॉस्पिटलातून घरी आले, दोन घास जेवायला लागले, हे ऐकून जिवात जीव आला. आता इंग्लंडच्या विद्यापीठात भरलेल्या फीचं. आई म्हणाली, "गेले ते पैसे, विषय नको." मला वाटतं, विषय हवाच. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर असताना, लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलेली किती घरं पाहिली. आणि तेवढ्यात मुदती टळून जातात. बाप आजारी म्हणून इंग्लंडहून परत आलीस, यात लपवण्यासारखं काय आहे?

ट्यूटरला "घरी जातेय" असा मेसेज टाकून तू विमानात बसलीस. विद्यापीठाच्या दप्तरी तू अजून विद्यार्थिनीच आहेस. लेखी कळवल्याची किंवा शेवटच्या हजेरीची तारीख, यांवर सहसा हिशेब होतो. उशीर झाला तर पुढच्या सत्राची फीसुद्धा अंगावर येऊ शकते. म्हणून आजच ईमेल कर. मात्र पुढच्या वर्षी परत जायचं मनात असेल, तर नाव काढण्याआधी कोर्स तात्पुरता थांबवता येतो का ते विचार. तशी सोय असेल तर भरलेली फी कधीकधी पुढे वळती करतात. व्हिसा मात्र दोन्ही वाटांनी बहुधा जाईल, कारण विद्यापीठाला तिकडच्या गृहखात्याला कळवावं लागतं.

ईमेलमध्ये रडगाणं नको, धमकीही नको. बाबा कधी दाखल झाले, तू शेवटच्या वर्गाला कधी बसलीस, किती भरलंस, किती परत हवे. सोबत डिस्चार्ज कार्ड. शेवटी एक वाक्य: "कोणत्या नियमानुसार किती रक्कम कापली, ते लेखी कळवावे." हे वाक्य गाळू नकोस, पुढची सगळी लढाई त्यावर उभी राहते.

आणि ऑफर लेटर नीट वाच. "परत मिळणार नाही" हे शब्द पुष्कळदा फक्त आगाऊ भरलेल्या डिपॉझिटपुरते असतात, पण माणूस ते अख्ख्या फीला लावून घेतो आणि हात जोडून गप्प बसतो.

सगळे पैसे एकाच ठिकाणी अडकलेले नाहीत. व्हिसाबरोबर भरलेला आरोग्य अधिभार, वर्षाचे ७७६ पौंड, लवकर परतल्यावर मिळत नाही. त्यामागे लागू नकोस. खोलीचा करार वेगळा. तुझ्या जागी दुसरा विद्यार्थी मिळाला तर बहुतेक मालक सोडतात, म्हणून मैत्रिणींना आताच सांगून ठेव. विमा काढला होतास ना? त्यात शिक्षण खंडित झाल्याचं कलम आहे का बघ, घरच्यांच्या आजारपणालाही ते कधीकधी लागू होतं. बाबांनी पैसे पाठवताना बँकेने टीसीएस (परदेशी पाठवलेल्या रकमेवर आधीच घेतलेला कर) कापला असेल, तर तो बाबांच्या आयकर विवरणपत्रात मागायचा. कर्जातून गेलेली फी बहुधा कर्जखात्यातच परत येते, हातात नाही. गोव्याच्या शिक्षण विकास महामंडळाचं कर्ज असेल तर त्यांनाही कळव.

विद्यापीठाने नकार दिला तर आधी त्यांच्याच तक्रार विभागात जायचं. तिथलं सगळं संपलं की प्रक्रिया पूर्ण झाल्याचं पत्र मागून घे. त्या पत्रापासून १२ महिन्यांच्या आत इंग्लंड-वेल्सच्या स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे, म्हणजे ओआयएकडे, विद्यार्थ्याला फुकट दाद मागता येते. वकील लागत नाही.

प्रवेश करून देणाऱ्या एजंटचं निराळं. "मध्येच सोडलं तरी फी परत" असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलंय ना, ते संभाषण जपून ठेव. त्याने पैसे घेऊन सेवा दिली, तेव्हा ग्राहक कायदा त्याला लागू होतो. दोन वर्षांच्या आत, तू राहतेस त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपला आयोग पर्वरीला, म्हापशाच्या माणसाला काही लांब नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघ, पुष्कळदा तेवढ्यावरच मिटतं.

रविवारी सकाळी फाईल घेऊन ये. पहिला ईमेल आपण दोघं बसून वाचू, मगच पाठव. बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट आण, पैसे ज्या खात्यातून गेले तिथेच परत येण्याची शक्यता जास्त.

तुझा,
काका