वाचक विचारतात : तोरणमाळला कोणती शेगडी न्यावी?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघे तोरणमाळला दोन रात्री तंबूत राहणार आहोत. दोन वेळा चहा आणि रोज एकदा खिचडी, एवढाच स्वयंपाक. पाठीवर ओझे नको. शेगडी कोणती घ्यावी, गॅस किती लागेल? (शिरपूर)

उत्तर : गॅसच्या डब्यावर आटे फिरवून बसणारी घडीची शेगडी घ्या. 80 ते 120 ग्रॅम वजनाची चांगली मिळते. 25-30 ग्रॅमचीही असते, पण तिचे भांडे टेकायचे दांडे आखूड असतात, खिचडी ढवळताना पातेले कलंडते. दुकानात जाताना आपले पातेले सोबत न्या, दांडे उघडून त्यावर ठेवून बघा.

वारा नसेल तर एक लिटर पाण्याला उकळी यायला साधारण 12 ते 15 ग्रॅम गॅस जातो. दोन वेळचा अर्धा-अर्धा लिटर चहा आणि खिचडीची मंद आचेवरची वीस मिनिटे धरली तर दिवसाला 50 ग्रॅम. 230 ग्रॅमचा एक डबा तुम्हाला तीन दिवस पुरून उरेल. नवा डबा घरच्या काट्यावर मोजून वजन त्यावरच लिहून ठेवा, म्हणजे परत आल्यावर किती गॅस उरला ते कळेल. तोरणमाळच्या उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून तुरीची डाळ लवकर शिजत नाही. मुगाची न्या, नाहीतर तूर दुपारीच भिजत घाला.

खरा गॅस खातो तो वारा. दगडाचा आडोसा वाऱ्याच्या बाजूनेच करा, बाकीच्या बाजू मोकळ्या ठेवा. पत्र्याने चहूकडून वेढले की उष्णता डब्यावर उलटते आणि डबा 50 अंशांच्या वर तापणे धोक्याचे. मधूनमधून डब्याला हात लावा. चटका बसला तर लगेच बंद करा. तंबूत शेगडी पेटवूच नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि रेल्वेने जाणार असाल तर भरलेला डबा सोबत नेता येत नाही, तो गुन्हा आहे.

प्रश्न : डबा अर्धा भरलेला असूनही पहाटे ज्योत मलूल होते. शेगडी खराब झाली का? (धुळे)

उत्तर : नाही. डब्यातले ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळते. जळताना द्रवाची वाफ होते, ती डब्याचीच उष्णता ओढून घेते, म्हणून हवा 8-10 अंश असली तरी डबा त्याहून गार पडतो; बाहेरून दव धरते. ताटलीत बोटभर कोमट पाणी घेऊन डबा त्यात ठेवा, ज्योत लगेच उचलते. कोमट म्हणजे हात सुखाने बुडेल इतकेच. डबा विस्तवाशी शेकू नका. डब्यावर आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रण लिहिले असेल तर ही अडचण फारशी येत नाही.

प्रश्न : लांबट, स्वस्त डबा अडॅप्टर लावून आडवा ठेवला, तर पिवळा भडका उडाला. (अमळनेर)

उत्तर : डब्याच्या तोंडाच्या कडेला एक खाच असते. डबा आडवा ठेवताना ती वर हवी. ती वर असली की आतली नळी वाफेत राहते. खाली गेली की द्रव गॅस थेट बर्नरपर्यंत येतो आणि भडका उडतो. अडॅप्टरची रबरी रिंग चिरलेली नाही ना, तेही बघा. जोडाला साबणाचे पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवू नका. आटे हातानेच आवळा. पक्कडीने आवळले की रिंग चेपते आणि गळती सुरू होते.

प्रश्न : स्पिरिटची छोटी शेगडी हलकी आणि स्वस्त आहे, ती का नको? (चोपडा)

उत्तर : पावसाळ्यात एकट्याच्या चहापुरती चालेल. पण तिला बंद करायची कळ नसते आणि उन्हात तिची ज्योत दिसत नाही. विझली समजून वरून स्पिरिट ओतले की बाटलीच पेट घेते. पुन्हा भरायची तर आधी झाकण ठेवून पूर्ण गार होऊ द्या. फेब्रुवारीपासून सातपुड्यात सागाचा पाचोळा घोट्याएवढा साचतो, त्यात सांडलेले स्पिरिट पेटले तर आवरणार नाही. त्या दिवसांत ती घरीच ठेवा.